देवनागरी लेखन-संपादनाच्या सुलभीकरणाचा इतिहास : वर्धा ते विकिपीडिया

यंत्रावर देवनागरी लिहिणे सामान्य माणसास सुलभ व्हावे, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाने काका कालेलकर यांच्या अध्यक्षतेखाली लिपिसुधार समिती नेमली. मुद्रणातील खिळ्यांची व टंकयंत्रावरील कळांची संख्या घटावी म्हणून 'अि, अी, अु' ही 'अ'ची बाराखडी पुरस्कारिली गेली. वर्धा येथील राष्ट्रभाषा प्रचार समितीने (स्थापना १९३६) ती आपल्या प्रकाशनांत अवलंबिली. येथे यंत्राच्या सोयीसाठी लिपी बदलली गेली.

संगणकयुगात ही दिशा उलटली. १९९१ च्या युनिकोडने देवनागरी अक्षरांना निश्चित संकेतांक दिले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. परंतु ठळक अक्षरांसाठी तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हे, दुव्यासाठी दुहेरी चौकोनी कंस, अशी चिन्हभाषा लेखकास शिकावी लागे. २०१३ पासून विकिपीडियावर प्रसृत झालेल्या दृश्य-संपादकाने ही अट शिथिल केली.

वर्धा जिल्ह्यातील हिंगणीसारख्या गावाचा इतिहास तेथील वृद्धांच्या व शिक्षकांच्या स्मरणात असतो. तो लिहिण्यास चिन्हभाषा आवश्यक असेल, तर लेखनाचा अधिकार तंत्रज्ञांपुरता सीमित होतो. म्हणून संपादनाचे सुलभीकरण हा केवळ सोयीचा नव्हे, तर ज्ञानाधिकाराचा प्रश्न ठरतो.