एका विद्यार्थिनीचा प्रबंध आणि ५९ मजल्यांची इमारत

१/
न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील सिटीकॉर्प सेंटर ही ५९ मजल्यांची, २७९ मीटर उंचीची इमारत १९७७ मध्ये खुली झाली. अभियांत्रिकीतील एक धाडसी कामगिरी म्हणून तिचे कौतुक झाले. पुढच्याच वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्षातील एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी या इमारतीचे गणित मांडले आणि त्यातील एक आकडा तिला खटकला.

२/
इमारतीची रचनाच जगावेगळी होती. भूखंडाच्या एका कोपऱ्यात सेंट पीटर्स लूथरन चर्च होते. त्याच कोपऱ्यात स्वतंत्र नवे चर्च बांधून मिळावे, या अटीवर चर्चने जागा दिली. त्यामुळे कोपऱ्यात खांब देणे शक्य नव्हते. संरचना अभियंता विल्यम लेमेझर यांनी चार प्रचंड खांब कोपऱ्यांऐवजी चारही बाजूंच्या मध्यावर दिले आणि जमिनीपासून सुमारे नऊ मजल्यांच्या उंचीवर संपूर्ण इमारत त्यांवर तोलली.

३/
भार या मधल्या खांबांकडे वळवण्यासाठी प्रत्येक बाजूला व्ही अक्षराच्या आकाराचे तिरपे पोलादी आधार बसवले गेले. एकेक व्ही आठ मजले व्यापणारा होता. वाऱ्याने येणारे झोके शमवण्यासाठी माथ्यावर ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा ठेवला होता. त्याची यंत्रणा मात्र विजेवर चालत असे.

४/
या विद्यार्थिनीचे नाव डायन हार्टली. प्रिन्स्टन विद्यापीठात ती प्राध्यापक डेव्हिड बिलिंग्टन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करत होती. कोणतेही बांधकाम शास्त्र, समाज आणि प्रतीक या तिन्ही अंगांनी तपासावे, अशी बिलिंग्टन यांची शिकवण होती. प्रबंधाचा विषयही तसाच ठरला. हार्टलीने लेमेझर यांच्या न्यूयॉर्क कार्यालयातून इमारतीचे आराखडे आणि आकडेमोड मिळवली. केवळ ती उतरवून न घेता तिने स्वतः गणित केले.

५/
तिचा प्रश्न साधा होता. वारा भिंतीवर समोरून न येता कोपऱ्यावर तिरपा आला तर? त्या काळी न्यूयॉर्कच्या नियमांनुसार समोरच्या वाऱ्याची तपासणी पुरेशी मानली जाई. नेहमीच्या इमारतीत कोपऱ्यांना खांब असल्याने तसे चालूनही जाते. येथे खांब मध्यावर होते. इंजिनिअरिंग मेकॅनिक्सच्या पहिल्याच धड्यांत शिकवतात त्याप्रमाणे ४५ अंशांतील बलाचे दोन घटक केले की दिसते : निम्म्या तिरप्या आधारांत हे घटक एकमेकांना छेदून शून्य होतात, तर उरलेल्या निम्म्यांत त्यांची बेरीज होऊन बल सुमारे ४० टक्क्यांनी वाढते.

६/
हार्टलीने कार्यालयाला विचारणा केली. तिच्या आठवणीनुसार, इमारत अशा वाऱ्यालाही समर्थ आहे, अशी ग्वाही तिला तेथील एका अभियंत्याने दिली. एकीकडे अनुभवी कार्यालय, दुसरीकडे विशीतील विद्यार्थिनी. तिने ती ग्वाही मान्य केली आणि प्रबंध सादर केला.

७/
लेमेझर यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, जून १९७८ मध्ये न्यू जर्सीतील एका विद्यार्थ्याच्या दूरध्वनीमुळे त्यांचे लक्ष पुन्हा या खांबांकडे वळले. त्यांनीही तिरप्या वाऱ्याचे गणित केले आणि तोच ४० टक्क्यांचा आकडा समोर आला. त्याआधी काही आठवड्यांपूर्वी त्यांना आणखी एक गोष्ट कळली होती : तिरप्या आधारांचे सांधे मूळ आराखड्याप्रमाणे वेल्डिंगने न जोडता, खर्च वाचवण्यासाठी बोल्टने जोडले गेले होते.

८/
या दोन गोष्टी एकत्र आल्यावर संकट किती वाढते, हे एका काल्पनिक उदाहरणाने समजते. समजा, वारा एका सांध्याला १०० एककांनी ओढतो आणि इमारतीचे वजन त्याला ७५ एककांनी दाबून धरते. बोल्टवर उरतो २५ एककांचा ताण. वाऱ्याचे बल १४० झाले, तरी वजन तेवढेच राहते. आता बोल्टवर ६५ एकके येतात. बलातील वाढ ४० टक्के, सांध्यावरील वाढ मात्र १६० टक्के! लेमेझर यांच्या गणितातही हेच दोन आकडे होते.

९/
कॅनडातील वाऱ्याच्या बोगद्यात झालेल्या चाचण्यांचे आकडे त्यांनी हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिले. निष्कर्ष भयंकर होता. वीज जाऊन माथ्यावरील यंत्रणा बंद पडली, तर सरासरी १६ वर्षांतून एकदा येणारे वादळही इमारत पाडण्यास पुरेसे होते.

१०/
लेमेझर यांनी चूक बँकेपुढे मान्य केली. ऑगस्टपासून दुरुस्ती सुरू झाली. संध्याकाळी सुतार आतील भिंती उघडत, रात्री आठ ते पहाटे चार वेल्डर सांध्यांवर दोन इंच जाडीचे पोलादी पत्रे जोडत आणि कर्मचारी येण्यापूर्वी सारे झाकले जाई. असे दोनशेहून अधिक सांधे होते. सप्टेंबरच्या आरंभी एला हे चक्रीवादळ किनाऱ्याच्या दिशेने आले. सुदैवाने ते समुद्राकडे वळले.

११/
न्यूयॉर्कमधील वृत्तपत्रांचा संप नेमका त्याच काळात सुरू होता. इमारतीत रोज काम करणाऱ्यांना आणि आसपास राहणाऱ्यांना खऱ्या धोक्याची कल्पना दिली गेली नाही. १९९५ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’च्या लेखाने ही कथा उघड केली. त्यानंतर बीबीसीचा माहितीपट पाहताना हार्टलीला कळले, की तिला खटकलेला आकडा बरोबर होता.

१२/
दूरध्वनी करणारा विद्यार्थी कोण, यावर आजही वाद आहे. आपण लेमेझर यांच्याशी थेट बोललो नव्हतो, असे हार्टली सांगते. न्यू जर्सीतील वास्तुकलेच्या एका विद्यार्थ्यानेही पुढे आपला दावा मांडला. अलीकडे अमेरिकी संशोधकांनी आधुनिक पद्धतीने गणित पुन्हा तपासले, तेव्हा या इमारतीला तिरप्यापेक्षा समोरचाच वारा अधिक जाचक ठरतो, असे त्यांना आढळले. म्हणजे लेमेझर यांचे गणितही अंतिम नव्हते.

१३/
एका विद्यार्थिनीने मूळ आराखडे मिळवले, बलांची मांडणी स्वतः केली आणि विसंगती दिसताच प्रश्न विचारला. प्रबंधाकडून याहून अधिक अपेक्षा करता येत नाही. उणीव राहिली ती उत्तरात. तिला आकड्याच्या बदल्यात आकडा मिळायला हवा होता. मिळाला फक्त दिलासा. आणि पुढची १७ वर्षे हा धडा इमारतीच्या भिंतींआड झाकलेलाच राहिला.