मृत्यूची मोजदाद आणि मण्यांची चौकट : गडचिरोलीतील बालआरोग्य-संशोधनाचा इतिहास (१९८६ ते २०११)

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील वैद्यकीय संशोधनाचा इतिहास आपण शिकवतो तेव्हा तो बहुधा १८९६-९७ च्या मुंबईतील प्लेगपाशी सुरू होतो आणि हाफकिन यांच्या लसीपाशी संपतो. अभ्यासक्रमात त्यापुढे थेट 'स्वातंत्र्योत्तर विकास' हे प्रकरण येते. त्यात धरणे, कारखाने, विद्यापीठे यांना स्थान असते, परंतु संशोधन कसे घडले, कोणी घडवले आणि त्याचे निष्कर्ष खरे कसे ठरले, या प्रश्नांना क्वचितच स्थान मिळते. विज्ञानाचा समकालीन इतिहास हा जणू विज्ञान शाखेचाच विषय आहे, असे आपण गृहीत धरले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे गृहीतक तपासून पाहण्याची वेळ आली आहे. त्या दृष्टीने गडचिरोली जिल्ह्यात १९८६ नंतर झालेल्या बालआरोग्यविषयक संशोधनाचा येथे मागोवा घेतला आहे. या संशोधनात वैद्यकशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, साध्या उपकरणाचे अभियांत्रिकी कौशल्य आणि शासकीय धोरण असे अनेक धागे एकत्र आले आहेत. म्हणूनच तो एका शाखेपुरता विषय राहत नाही.

पार्श्वभूमी

गावातीलच व्यक्तीला प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवा उभी करण्याची कल्पना गडचिरोलीत जन्मली नाही. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे काम सुरू केले आणि निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांना ग्राम-आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. त्याच दशकात डॉ. नोशीर अंटिया यांनी रायगड जिल्ह्यातील मांडवा परिसरात असाच प्रयोग केला. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा दिली, तेव्हा तिच्यामागे जगभरातील अशा प्रयोगांचा अनुभव होता. मात्र हे प्रयोग प्रामुख्याने सेवेचे होते. सेवेमुळे नेमके किती जीव वाचले, हे तुलनात्मक पद्धतीने सिद्ध करण्याचा आग्रह त्यांत तुलनेने कमी होता.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी या जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेचे काम आरंभले. संस्थेच्या नावातच शोध आहे. जंगलात दवाखाना उघडणारे डॉक्टर ही प्रतिमा मराठी वाचकाला परिचित होती. संशोधन करण्यासाठी म्हणून जंगलात जाणारे डॉक्टर ही मात्र नवी गोष्ट होती.

पहिला महत्त्वाचा निबंध बालकांविषयी नव्हे, तर स्त्रियांविषयी होता. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आहेत आणि पूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के आहेत, असे दाखवण्यात आले. हा निबंध जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन एवढीच शासकीय समज होती. रुग्णालयात आलेल्या रुग्णांची नोंद आणि गावात राहणाऱ्या सर्व स्त्रियांची नोंद यांत केवढी तफावत असते, हे या निबंधाने उघड केले. इतिहासाच्या अभ्यासकाला हा मुद्दा नवा वाटू नये. दप्तरात जे नोंदले गेले तेवढेच घडले असे मानण्याची चूक आपल्याही क्षेत्रात दीर्घकाळ होत आली आहे.

श्वास मोजण्याचा प्रश्न

बालमृत्यूंची गावोगाव नोंद ठेवू लागल्यावर न्यूमोनिया हे एक प्रमुख कारण म्हणून पुढे आले. येथे या संशोधनाचा सर्वांत लक्षणीय भाग सुरू होतो आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे.

न्यूमोनियाचे निदान स्टेथोस्कोप व क्ष-किरणाशिवाय होऊ शकते का, हा प्रश्न त्या काळी जागतिक पातळीवर चर्चेत होता. पापुआ न्यू गिनी येथे फ्रँक शान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात असे दाखवून दिले होते की, खोकला असलेल्या बालकाच्या श्वासाची गती मोजली तरी प्रतिजैविक द्यावे की नाही हे बऱ्याच अंशी ठरवता येते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार मर्यादा निश्चित केल्या : दोन महिन्यांपेक्षा लहान बाळासाठी मिनिटाला ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०. निदान सोपे झाले. परंतु ते करणार कोण? गडचिरोलीच्या गावात बाळाजवळ सर्वप्रथम पोहोचणारी व्यक्ती म्हणजे सुईण. ती निरक्षर होती आणि तिची मोजणी दहा-बाराच्या पुढे जात नव्हती. घड्याळ वाचण्याचा तर प्रश्नच नव्हता.

या अडचणीवर शोधलेला उपाय म्हणजे मण्यांची चौकट. एका चौकटीत एक मिनिटाची वाळूची घडी आणि तिच्या बाजूला मण्यांच्या दोन ओळी : एक अगदी लहान बाळांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या बालकांसाठी. सुईणीने घडी उलटी करावी, बाळाच्या पोटाकडे पाहत दहा श्वास मोजावेत आणि एक मणी सरकवावा. पुन्हा दहा मोजावेत, पुन्हा एक मणी. ओळीतील शेवटचा मणी लाल. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजावा. पन्नास किंवा साठ हा आकडा सुईणीला ठाऊक असण्याची आवश्यकताच उरली नाही. अंगठ्याने मणी ओढत जप करण्याची सवय असलेल्या समाजात हे उपकरण परके वाटण्याचे कारण नव्हते, असे म्हणण्याचा मोह होतो; परंतु तो प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे, पुरावा नव्हे.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने यात काय आहे, असा प्रश्न आपल्या तंत्रशाखेतील सहकारी विचारू शकतील. वीज नाही, सुटे भाग नाहीत, अचूकताही घड्याळापेक्षा कमी. तरीही वापरणाऱ्या व्यक्तीच्या क्षमतेपासून आराखड्याची सुरुवात करणे हे तंत्रज्ञानाच्या इतिहासात वाटते तितके सामान्य नाही. पुढील काळात युनिसेफच्या पुढाकाराने श्वास मोजणाऱ्या स्वयंचलित विद्युत उपकरणांवर बरेच काम झाले. प्रश्न तोच होता : प्रशिक्षित डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातून विश्वासार्ह मोजणी कशी होईल?

न्यूमोनियाविषयीच्या क्षेत्रप्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. अर्धवैद्यक कर्मचारी, ग्राम-आरोग्य कार्यकर्ते आणि सुईणी यांनी को-ट्रायमॉक्सॅझोल हे तोंडावाटे देण्याचे प्रतिजैविक वापरून उपचार केले. उपचार झालेल्या बालकांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत न्यूमोनिया झालेल्या बालकांत ते १३.५ टक्के होते. न्यूमोनियामुळे होणारे एकूण बालमृत्यू प्रयोगक्षेत्रात तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ५४ टक्क्यांनी कमी आढळले.

नवजात बालकाची सेवा

यानंतर उरले ते जन्मापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू. १९९५-९६ या वर्षात ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांचे घरी जाऊन निरीक्षण करण्यात आले. सुमारे ९५ टक्के जन्म घरीच झाले होते. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.४ टक्के, बालकांना वैद्यकीय सेवेची गरज होती. डॉक्टरांपर्यंत पोहोचली केवळ २.६ टक्के आणि रुग्णालयात दाखल झाली ०.४ टक्के. हे आकडे वाचताना, रुग्णालय बांधले की रुग्ण येतील या नियोजनकर्त्यांच्या विश्वासाचे काय करायचे, हा प्रश्न पडतो. बाळंतपणानंतरचे दिवस आई व बाळ एका खोलीत काढत. त्या उंबरठ्याबाहेर बाळ नेले जात नसे.

म्हणून उपचारच उंबरठ्याच्या आत नेण्यात आला. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या, त्याच गावातील स्त्रियांची 'आरोग्यदूत' म्हणून निवड झाली. बाळाचे वजन घेणे, ताप पाहणे, ऊब देणे, स्तनपानास साहाय्य करणे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे हे त्यांना शिकवले गेले. दुसऱ्या वर्षापासून एक मोठे पाऊल उचलण्यात आले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला आरोग्यदूताने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यावयाचे होते.

४ डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मधील निबंधात ३९ प्रयोगगावे व ४७ तुलनेची गावे यांचे निष्कर्ष मांडले गेले. प्रयोगगावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्युदर ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळजवळ होता तेथेच राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरले. एका बाळामागील खर्च सुमारे ५.३ अमेरिकी डॉलर होता.

आक्षेप

या संशोधनाविषयी मराठीत जे लिहिले गेले ते बहुतांशी गौरवपर आहे. गौरव अनाठायी नाही, परंतु इतिहासलेखनाला तेवढ्यावर थांबता येत नाही. पहिली गोष्ट, गावांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती. दोन क्षेत्रे तुलनेसाठी घेतली गेली. दुसरी, तुलनेच्या गावांना नेहमीच्या शासकीय सेवाच मिळत राहिल्या. त्या सेवा अपुऱ्या आहेत हे संशोधकांना ठाऊक असताना तेथील बालमृत्यू केवळ मोजत राहणे योग्य होते का, हा प्रश्न आजही अस्वस्थ करणारा आहे. त्याचे एक उत्तर असे की, या तुलनेशिवाय शासनाने हा उपचार मान्य केला नसता आणि मग देशातील सर्वच गावे तुलनेची गावे राहिली असती. प्रस्तुत लेखकाला हे उत्तर बरेचसे पटते, पूर्णतः नाही.

तिसरा वाद इंजेक्शनाचा. डॉक्टर नसलेल्या स्त्रीने नवजात बालकाला इंजेक्शन द्यावे, हे वैद्यक व्यवसायाला रुचणारे नव्हते. यात सुरक्षिततेची रास्त चिंता होती, तसाच व्यवसायाच्या मक्तेदारीचाही भाग होता. दोन्ही एकमेकांपासून वेगळे काढणे कठीण आहे.

धोरणापर्यंतचा प्रवास

बारा वर्षे हा प्रवास चालला. मध्यंतरी २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील शिवगड आणि बांगलादेशातील सिल्हेट येथील यादृच्छिक पद्धतीच्या अभ्यासांनी घरभेटींद्वारे नवजात मृत्यू घटतात या निष्कर्षाला दुजोरा दिला. सिल्हेटमधील घट ३४ टक्के होती, शिवगडमधील ५४. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी संयुक्त निवेदनाद्वारे नवजात बालकासाठी घरभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने मार्गदर्शक सूचना काढून हे काम देशभरातील आशा कार्यकर्तींकडे सोपवले : रुग्णालयात जन्म झाल्यास सहा भेटी, घरी झाल्यास सात.

परंतु धोरणात जे आले ते गडचिरोलीतील मूळ प्रारूप नव्हते. भेटी आल्या, वजनकाटा आला, तापमापक आला. आशाच्या हातात इंजेक्शन आले नाही. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली ती परिचारिका-प्रसाविकेला. शिवाय याच काळात देशाचे चित्र वेगळ्या कारणाने पालटत होते. संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत ८८.६ टक्के झाले. नमुना नोंदणी पद्धतीनुसार देशाचा नवजात मृत्युदर २००० मध्ये ४४ होता, तो २०२० मध्ये २० झाला. या घटीतील किती वाटा घरभेटींचा आणि किती रुग्णालयांचा, रस्त्यांचा, मोबाइलचा, मुलींच्या शिक्षणाचा, हे या आकड्यांवरून ठरवता येत नाही. ३९ गावांत जो कार्यकारणभाव दाखवता आला तो देशाच्या पातळीवर तसाच लागू करणे ही ऐतिहासिक चूक ठरेल.

साधनांविषयी

वर दिलेला सर्व वृत्तांत प्रामुख्याने संशोधकांच्या स्वतःच्या निबंधांतून उभा राहतो. त्यातील मृत्यूंची कारणेही बाळाच्या घरच्यांना विचारून ठरवलेली आहेत. अशी 'मौखिक शवपरीक्षा' ही पद्धत पुढे देशव्यापी मृत्यू-अभ्यासात वापरली गेली आणि आता कारण ठरवण्याचे काम संगणकीय प्रणालींवरही सोपवले जाते. प्रणाली कोणतीही असो, तिच्या मुळाशी एका दुःखी घरात विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरे असतात. ती माडिया, गोंडी किंवा झाडीबोलीत दिली गेली असतील, तर अर्जात उतरताना त्यांचे काय झाले, हा भाषा विभागाचा विषय होऊ शकतो.

१९९५ मध्ये आरोग्यदूत झालेल्या स्त्रियांपैकी अनेक जणी आज साठीच्या आसपास असतील. पहिले इंजेक्शन देताना गावाने त्यांना काय म्हटले, बाळ दगावले तेव्हा दोष कोणाला मिळाला, शेतमजुरीचे दिवस आणि भेटींचे दिवस यांचा मेळ त्यांनी कसा घातला, हे निबंधांतील तक्त्यांत सापडणार नाही. विदर्भातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना, पदव्युत्तर प्रकल्पाच्या निमित्ताने का होईना, ध्वनिमुद्रक घेऊन या स्त्रियांपर्यंत जाणे अद्याप शक्य आहे. सुईणींच्या बाबतीत ती मुदत बहुधा टळून गेली आहे.