नोंदवहीची हद्द

बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतील माणसाला हद्द म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सोयरीक, बाजार आणि औषधपाणी मात्र जुन्याच वाटांनी चालू राहिले. भालकीचा रुग्ण आजही उदगीर-लातूर गाठतो, आळंदचा सोलापूर. रुग्ण हद्द ओलांडतो, तसा वैद्यही ओलांडतो. मग वैद्याच्या वर्तनाची नोंद त्याच्या मागोमाग जाते काय? दंतवैद्यांपुरता हा प्रश्न आम्ही येथे तपासणार आहोत.

दंतवैद्यक कायदा मार्च 1948 मध्ये झाला, तेव्हा आमचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर तो भारतात आला. या कायद्याने दंतवैद्यांची राज्यवार नोंदवही सुरू केली. पदवीधरांसाठी तिचा ‘अ’ भाग होता. पदवी नसताना पूर्वीपासून याच कामावर पोट भरणाऱ्यांसाठी ‘ब’ भाग. कलम 41 अन्वये, गुन्हा शाबीत झालेल्या किंवा व्यवसायात निंद्य वर्तन केलेल्या दंतवैद्याचे नाव, त्याचे म्हणणे ऐकून घेऊन, कमी करण्याचा अधिकार राज्य परिषदेस मिळाला. याच कलमात एक दूरदृष्टीची अट होती. नाव कमी झालेल्यास अन्य राज्यात नोंदणी हवी असेल, तर ज्या परिषदेने नाव काढले तिची संमती आवश्यक ठरविली होती. मुंबईच्या नोंदवहीतून निघालेल्या माणसाला बीदरमध्ये निर्धास्तपणे पाटी लावता येऊ नये, हा तिचा अर्थ. सीमाभागाला हे संरक्षण मोलाचे होते.

परंतु ही अट राज्याराज्यांपुरती होती. कायद्याच्या परिशिष्टात काही परदेशी पदव्यांना मान्यता होती. परदेशातील वर्तनासंबंधी मात्र अशी थेट अट नव्हती. आमच्या भागातील कितीतरी तरुण आखातात व विलायतेत गेले, काही परतले. बाहेर ज्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू आहे, असा दंतवैद्य गावी आला, तर येथील परिषदेस ते कळावे कसे? ब्रिटनच्या 1984 च्या दंतवैद्यक कायद्यात अन्य देशांतील नियामक संस्थेचा प्रतिकूल निर्णयही व्यवसायास अपात्र ठरविण्याचा आधार होऊ शकतो. अमेरिकेने 1990 पासून आपल्या राज्याराज्यांतील अशा कारवायांची नोंद एका राष्ट्रीय कोठारात ठेवली आहे.

सरकारी दप्तरात आयुष्य घालविलेल्यांना यात नवल वाटू नये. कर्मचाऱ्याची बदली झाली की त्याचे सेवापुस्तक मागोमाग जाते. विभागीय चौकशी चालू असेल, तर तेही नव्या कार्यालयास कळते. तथापि चौकशी म्हणजे दोषसिद्धी नव्हे. म्हणूनच बढतीची शिफारस निकाल लागेपर्यंत मोहोरबंद पाकिटात राहते. कर्मचारी निर्दोष ठरला, तर ते पाकीट उघडून त्याचा हक्क त्याला दिला जातो.

हाच विवेक येथे हवा. दूरच्या देशातील तक्रार सुडापोटी केलेली असू शकते; भाषा न समजल्यामुळे एखाद्याला आपली बाजू मांडताही आली नसेल. आपल्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 13 परकीय निवाडा सामान्यतः निर्णायक मानते. पण नैसर्गिक न्याय डावलून किंवा फसवणुकीने मिळविलेल्या निवाड्यास ते मान देत नाही. शिस्तपरिषद म्हणजे न्यायालय नव्हे, तरी कसोटी घेण्याजोगी आहे. परदेशातील प्रलंबित कारवाई सांगणे बंधनकारक असावे, ती दडविणे हाच स्वतंत्र दोष मानावा. अंतिम निर्णय पुरावा म्हणून स्वीकारावा, पण नाव कमी करण्यापूर्वी येथे सुनावणी व्हावी.

1948 च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. त्यात राष्ट्रीय नोंदवहीची व आचारनीतीसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. त्या नोंदवहीत केवळ नाव व पदवी असून भागणार नाही. परदेशातील कारवाईसाठीही एक रकाना हवा. औरादचा शेतकरी लंडनला पत्र लिहून चौकशी करू शकत नाही. तो भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र पाहतो आणि विश्वासाने तोंड उघडतो. त्या विश्वासाची राखण करण्याचे काम नोंदवहीचे आहे.