महागडे तारांगण

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री आठच्या सुमारास मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहून मान वर केली, तर रोहिणीचा तांबूस तारा जवळजवळ नेमका डोक्यावर दिसतो. मालवणचे अक्षांश सोळा अंशांच्या किंचित वर आणि रोहिणीची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे तिचे अंतर, सुमारे साडेसोळा अंश उत्तर. दोन्हींत अर्ध्या अंशाचाच काय तो फरक. पूर्वेच्या अंगाला मृग असतो आणि त्याच्या खाली व्याध. रात्र चढत जाईल तसे मघा, चित्रा, स्वाती क्रमाने वर येतात.

हेच तारे १९६२ साली अमेरिकेत एका संगणकाच्या पडद्यावर आपापल्या खऱ्या जागी उमटवले गेले होते. एखाद्या वेधशाळेच्या कामासाठी नव्हे, तर एका खेळाची पार्श्वभूमी म्हणून. दोन अंतराळयानांच्या लढाईचा हा खेळ म्हणजे 'स्पेसवॉर'. पुढे अंतराळयुद्धाचे जे शेकडो खेळ निघाले, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ शोधत गेले की आपण इथे पोचतो. या खेळाच्या नव्या आवृत्त्या साठ वर्षे निघत आल्या आहेत. खेळाच्या इतिहासात विज्ञानशिक्षकाने का शिरावे, अशी शंका काही वाचकांना येईल. आमचे म्हणणे असे, की या आवृत्त्यांत न्यूटनच्या गतिनियमांचे काय काय झाले हे पाहण्यासारखे आहे. आपल्या वर्गातली मुले मोबाईलवर जे खेळ तासन्‌तास खेळतात, त्यांतून 'गती म्हणजे काय' याचे एक चित्र त्यांच्या मनात तयार होत असते. ते चित्र घेऊनच ती नववीच्या तासाला येऊन बसतात.

मूळ गोष्ट अशी. १९६१ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने आपला 'पीडीपी-१' हा नवा संगणक मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला (एमआयटी) भेट दिला. त्याची किंमत सुमारे एक लाख वीस हजार डॉलर होती आणि स्मृती अठरा अंकी द्विमान शब्दांची, असे शब्द फक्त ४०९६. आजच्या साध्या फोनमधले एक छायाचित्रही तेवढ्यात मावणार नाही. पण या यंत्राला रडारसारखा गोल पडदा होता आणि त्याच्यासमोर बसून माणसाला यंत्राशी थेट व्यवहार करता येत असे. त्या काळी हे दुर्मीळ होते. बहुतेक ठिकाणी छिद्रित कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी यायचे, अशी रीत होती.

याच सुमारास आपल्या मुंबईतही एक पडदा लुकलुकत होता, हे इथे सांगायला हवे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला संगणक फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागला. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यालाही कॅथोड किरण नलिकेचा पडदा जोडलेला होता आणि त्यावर अक्षरे व आलेख काढता येत. म्हणजे साधनांच्या दृष्टीने कुलाबा आणि केंब्रिज यांच्यातले अंतर नकाशावर दिसते तेवढे नव्हते. फरक होता तो यंत्राच्या वेळेचा. टिफ्रॅकवर संशोधकांची गणिते रांगेत उभी असत, तर एमआयटीच्या विद्यार्थ्यांना रात्री-बेरात्री मोकळे यंत्र मिळे.

तिथे मार्टिन ग्रेट्‌झ, स्टीव्ह रसेल आणि वेन विटानेन या तिघांनी ठरवले, की पडद्याची खरी ताकद दाखवणारे काहीतरी करायचे. तिघेही ई. ई. स्मिथ यांच्या अंतराळकथांचे वेडे होते. त्यामुळे 'काहीतरी' म्हणजे अंतराळयुद्ध, हे ओघाने आलेच. आज्ञावली लिहायचे काम रसेलकडे आले आणि त्याने ते शक्य तितके पुढे ढकलले. यान वळवायचे तर साइन-कोसाइन काढावे लागतात आणि ते काढणारी आज्ञावली आपल्याकडे नाही, ही त्याची सबब होती. शेवटी अ‍ॅलन कोटोक कंपनीत जाऊन त्या आज्ञावलीच्या कागदी फिती घेऊन आला आणि रसेलची सबब संपली. १९६२ च्या सुरुवातीला दोन याने पडद्यावर फिरू लागली.

या यानांची चाल नीट पाहण्यासारखी होती. इंजिन चालू केले की यानाचा वेग वाढे, पण इंजिन बंद केले तरी यान थांबत नसे. आहे त्याच वेगाने, आहे त्याच दिशेने ते जात राही. नाक नुसते वळवले तर नाक वळे, यानाची वाट वळत नसे. थांबायचे असेल तर यान अर्धा फेरा फिरवायचे आणि उलट दिशेने तेवढाच जोर लावायचा. न्यूटनचा पहिला नियम इतक्या रोकड्या रूपात त्याआधी कोणाच्या हाताला क्वचितच लागला असेल.

आपल्या किनाऱ्यावरच्या मुलाला हे पटणे अवघडच असते, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याने पाहिलेली होडी वल्हे थांबले की पाण्याच्या रोधाने मंदावते आणि उभी राहते. सुकाणू फिरवले की होडीही फिरते, कारण पाणी तिला कुशीला ढकलते. 'गती टिकवायची तर बळ लागते' हा निष्कर्ष त्याच्या रोजच्या अनुभवातून आलेला आहे. आपण फळ्यावर उलटे लिहितो, तो ते परीक्षेपुरते मान्य करतो आणि पुन्हा होडीकडे जातो. पाणीच नसलेली होडी त्याला कुठेतरी हाकायला मिळायला हवी.

डॅन एडवर्ड्‌सला एवढ्यावर समाधान नव्हते. नुसत्या मोकळ्या जागेतली लढाई त्याला बेचव वाटली, म्हणून त्याने पडद्याच्या मधोमध एक जड तारा आणून बसवला. त्याचे आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात होते. अडचण अशी, की प्रत्येक क्षणाला दोन्ही यानांवरचे आकर्षण काढायला यंत्राला वेळ पुरेना. एका आज्ञेत गुणाकार किंवा भागाकार करण्याची सोय त्या यंत्रात मुळात नव्हती. ते पायरीपायरीने करावे लागे. एडवर्ड्‌सने यानांचे आकार रेखाटण्याची पद्धतच बदलली, तिथे वेळ वाचवला आणि तो गुरुत्वाकर्षणाला दिला. मग खेळाडू ताऱ्याच्या जवळून झेप घेऊन वेग कमावू लागले. टॉर्पेडोंसाठी मात्र वेळ उरला नाही, त्यामुळे ते ताऱ्याजवळूनही न वाकता जात. हे ऊर्जेचे गोळे आहेत, असे सांगून कर्त्यांनी वेळ मारून नेली. (१९१९ च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाशही सूर्याजवळून वाकतो हे मोजले गेले होते, तेव्हा ही सबब भौतिकशास्त्राच्या शिक्षकापुढे टिकणारी नाही.)

आता आकाशाकडे येऊ. रसेलने पार्श्वभूमीला वाटेल तसे ठिपके टाकले होते. पीटर सॅमसनला ते खपेना. त्याने खगोलीय पंचांग उघडले आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साडेबावीस अंशांपर्यंतचे, पाचव्या प्रतीच्या जरा अलीकडपर्यंतचे सगळे तारे आज्ञावलीत भरले. साडेचारशेहून अधिक तारे झाले. तेजस्वी तारा एकाच फेरीत अनेकदा उमटवायचा, मंद तारा कमी वेळा, म्हणजे तेजाचा फरकही डोळ्यांना दिसतो. हे आकाश पडद्यावर उजवीकडून डावीकडे सावकाश सरकत राही. सॅमसनने याला नाव दिले 'महागडे तारांगण'. लाखभर डॉलरच्या यंत्रावरचे तारांगण ते, नावाला जागणारे होतेच.

साडेबावीस अंशांचा हा पट्टा बॉस्टनपेक्षा मालवणला जास्त जवळचा आहे. पट्ट्याच्या दक्षिण कडेवरचा तारा बॉस्टनच्या आकाशात जेमतेम पंचवीस अंश वर येतो, तर मालवणला तोच साडेएक्कावन्न अंशांपर्यंत चढतो. रोहिणी, मृगातले काक्षी आणि राजन्य, व्याध, प्रश्वा, मघा, चित्रा, स्वाती, श्रवण हे सगळे पट्ट्यात बसतात. कृत्तिका दीडेक अंशाने हुकतात. सप्तर्षी, अभिजित, ज्येष्ठा आणि अगस्त्य बाहेर राहतात. ताऱ्यांच्या क्रांतीचा तक्ता मुलांच्या हाती देऊन 'कोण आत, कोण बाहेर' हे त्यांनाच काढायला सांगावे आणि मग रात्री किनाऱ्यावर न्यावे, असे आम्ही सुचवू.

पीडीपी-१ यंत्रे एकंदर पन्नासएकच बनली, पण खेळ एका यंत्रावरून दुसऱ्यावर नकलून जात राहिला. १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात 'गॅलक्सी गेम' या नावाने तो नाणे टाकून खेळता येऊ लागला. त्याच वर्षी बाजारात आलेल्या 'कॉम्प्युटर स्पेस'मध्ये संगणकच नव्हता, नुसत्या जोडलेल्या चिप होत्या. त्यात मधला तारा गेला आणि गुरुत्वाकर्षणही गेले. १९७९ च्या 'अ‍ॅस्टेरॉइड्‌स'मध्ये यानाचे नियंत्रण 'स्पेसवॉर'चेच होते, पण इंजिन बंद केले की यान हळूहळू मंदावत थांबे. निर्वात अवकाशात घर्षण शिरले! खेळणाऱ्याला सोपे जावे म्हणून केलेली ही सवलत होती. आम्हाला ती समजते, पण तिची किंमतही समजते.

१९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांचा 'एलीट' हा खेळ बीबीसी मायक्रो या संगणकावर आला. हे यंत्र जुन्या शिक्षकांच्या ओळखीचे असेल. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने 'क्लास' हा शालेय संगणक प्रकल्प सुमारे अडीचशे शाळांपासून सुरू केला, त्यात हेच यंत्र दिले होते. अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीत 'एलीट'मध्ये आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रहव्यवस्था होत्या. त्यांची यादी साठवलेली नव्हती, ती काही मूळ संख्यांपासून गणिताने दर वेळी नव्याने तयार होई. गणित इतके सुंदर, पण यान मात्र विमानासारखे, नाक वळेल तिकडे जाणारे. १९९३ च्या दुसऱ्या भागात ब्रेबेनने न्यूटनला परत आणले. मग लढाई अवघड झाल्याची तक्रार खेळाडूंनी केली. २०१४ च्या 'एलीट डेंजरस' या नव्या अवतारात तडजोड आहे. एरवी संगणक यान सावरून धरतो. ती मदत बंद केली की यान जडत्वाने वाहू लागते. तरीही वेगाला कमाल मर्यादा आहेच.

जाता जाता एक विनंती. 'क्लास'मधले एखादे यंत्र किंवा त्या वेळच्या विद्यार्थ्यांच्या आज्ञावल्यांच्या कॅसेटी कोणाच्या शाळेच्या कपाटात असतील, तर त्या भंगारात देऊ नका. 'स्पेसवॉर' आज पाहायला मिळतो तो कोणीतरी कागदी फिती आणि छापील आज्ञावली जपून ठेवली म्हणून.

या जपलेल्या फितींमुळे एक वेगळ्याच प्रकारचा नवा अवतार शक्य झाला. १९९७ मध्ये एमआयटीच्याच काही मंडळींनी आणि २०१२ मध्ये नॉर्बर्ट लँड्‌स्टायनर यांनी खेळ नव्याने लिहिलाच नाही. त्यांनी पीडीपी-१ चे वागणे आजच्या संगणकावर आज्ञावलीने उभे केले आणि त्यावर १९६२ ची मूळ आज्ञावली जशीच्या तशी चालवली. एडवर्ड्‌सचे गुरुत्वाकर्षण, सॅमसनचे तारे, सगळे जागच्या जागी. गंमत अशी, की सगळ्यांत नाजूक काम पडद्याचे होते. जुन्या पडद्यावरचा निळसर ठिपका मावळताना हिरवट-पिवळी शेपूट मागे ठेवी. आजच्या पडद्याला ती सवय नाही, त्यामुळे मावळत्या प्रकाशासाठीही लँड्‌स्टायनर यांना आज्ञावली लिहावी लागली. कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये खरा पीडीपी-१ सुद्धा दुरुस्त करून चालता केला आहे आणि तिथे स्वतः रसेल आणि सॅमसन यांनी हा खेळ चालवून दाखवला आहे.

पडद्यांची चमक आणि यानांची नक्षी यांत नंतरचे खेळ कितीही पुढे गेले असले, तरी वर्गासाठी आम्ही हीच जुनी आज्ञावली निवडू. शाळेत संगणक चालू नसेल, वीज गेली असेल, तरी अडत नाही. आलेखाचा कागद पुरतो. यानाचा वेग 'एका पावलात किती घरे' असा लिहायचा. प्रत्येक पावलाला इंजिनाने वेगात एका घराची वाढ किंवा घट करता येते, मग त्या वेगाइतकी घरे पुढे जायचे. समजा, तीन घरांच्या वेगाने चाललेले यान बाराव्या घरावर थांबवायचे आहे. बहुतेक मुले बाराव्या घरावर पोचून उलट जोर लावतात आणि यान पंधराव्यावर जाऊन थांबते. नवव्या घरावरच सुरुवात करायला हवी, हे एकदोन चुकांत त्यांचे त्यांना कळते.

पुढच्या तासाला कागदाच्या मधोमध तारा काढावा. दहा घरांवर त्याची ओढ दर पावलाला एक घर, पाच घरांवर चार घरे, वीस घरांवर पाव घर. ताऱ्यापासून दहा घरांवर यान ठेवून त्याला आडवा तीन घरांचा वेग द्यावा आणि दर पावलाला ओढ ताऱ्याच्या दिशेने मिळवत जावी. पंधरा-वीस पावलांत पेन्सिलीखाली लंबवर्तुळासारखी कक्षा उमटू लागते. उरलेल्या वेळात त्याच कागदावर एक टॉर्पेडो सोडून त्यालाही ओढ लावून पाहावी. १९६२ मध्ये राहून गेलेले ते गणित एका तासिकेत होते.