विधी पदवीतील विशेषीकरण आणि गोवंडीचा निवारा-प्रश्न

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमावलीत संविधान, व्यवसाय कायदा, गुन्हेशास्त्र आदी विषयगटांतून विशेषीकरणाची तरतूद आहे. ही निवड कशी करावी, याचे दिग्दर्शन मुंबईच्या विस्थापन-इतिहासातून होते. १९७६ मध्ये जनता कॉलनीतील रहिवाशांना गोवंडीनजीकच्या चिता कॅम्पमध्ये हलविण्यात आले. पुढे १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये अंतर्भूत मानला. तथापि पदपथांवरील अतिक्रमणे हटविण्याचा अधिकार देणारे १८८८ च्या महापालिका अधिनियमाचे कलम ३१४ वैध ठरविले. तात्पर्य, गोवंडीच्या विद्यार्थ्याने संविधान गट अवश्य निवडावा. परंतु महापालिका कायदा दुर्लक्षिल्यास त्याला हक्क सांगता येईल, घर वाचविता येणार नाही.