गरिबांसाठी बांधलेली घरं : राहायला देताना कोणते नियम पाळावेत?

आपल्याकडे एखादा ट्रस्ट चार-सहा खोल्या बांधतो आणि गरजू कुटुंबांना नाममात्र पैशांत राहायला देतो. काम सवाबाचं, त्यामुळे कागद करायला दोन्हीकडचे संकोचतात. वीस वर्षांनी खोली कोणाची यावरून वाद लागतो आणि पुढचं गरजू कुटुंब बाहेरच राहतं. म्हणून महाराष्ट्रातले मुख्य नियम इथे देत आहोत.

भाडेपट्टा की लायसन्स?
भाडेपट्ट्याने राहणाऱ्याचा जागेत हक्क तयार होतो. लायसन्स म्हणजे फक्त वापरण्याची परवानगी (भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२, कलम ५२). ती तिसऱ्याला देता येत नाही. मात्र परवानगीच्या भरवशावर राहणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने पक्कं बांधकाम केलं, तर ती रद्द करता येत नाही (कलम ६०). म्हणून मोठी दुरुस्ती ट्रस्टनेच करावी. वर नुसतं ‘लायसन्स’ लिहून भागत नाही, कोर्ट आतला मजकूर आणि हेतू बघतं.

करार आणि नोंदणी
महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ही जबाबदारी घर देणाऱ्याची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे कमी शुल्काच्या खोलीला अगदी थोडंच लागतं. नोंदणी ऑनलाइनही होते.

वरची मंजुरी
सार्वजनिक ट्रस्टची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते (महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, कलम ३६). वक्फची जागा एका वर्षाहून जास्त भाडेपट्ट्याने देताना वक्फ बोर्डाची पूर्वमंजुरी हवी (वक्फ कायदा १९९५, कलम ५६). मुतवल्लीचा तोंडी शब्द इथे चालत नाही.

मुदत संपल्यावर
खोली सोडली नाही तर ट्रस्टने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा (कलम २४, भाडे नियंत्रण कायदा). राहणाऱ्याला दुप्पट शुल्काइतकी भरपाई द्यावी लागू शकते. पण कुलूप तोडून सामान रस्त्यावर फेकायचा अधिकार कुठल्याच ट्रस्टीला नाही.

कागद गरिबाच्याही कामाचा
शाळेत आम्ही हे दरवर्षी बघतो. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी भाड्याने राहणाऱ्या पालकांकडे नोंदणीकृत करार मागतात. तो नसला की हुशार मूल दारातून परत जातं.

तेव्हा ट्रस्टींनी करारात चार गोष्टी साफ लिहाव्यात : मुदत किती, शुल्क किती, नूतनीकरण कोणत्या अटीवर, आणि घरातला कर्ता माणूस वारला तर बेवा व मुलांना किती काळ राहता येईल. दरमहा पावती द्यावी. कुटुंबांनीही कराराची एक प्रत मागून घ्यावी, त्यात लाज कसली?