विभेदी दंतचक्रमालेचे वंगण

मोटारगाडीच्या आसावरील विभेदी दंतचक्रमालेत व तिला फिरविणाऱ्या अंतिम चालन दंतचक्रांत वापरले जाणारे दाट तेल. वळणावर बाहेरील चाकाला आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते; दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही दंतचक्रमाला फ्रान्समध्ये ऑनेसिफॉर पेकर यांनी १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी योजिली. वंगणाचा प्रश्न मात्र विसाव्या शतकात उद्भवला. दातांचा आकार व दंतचक्रांचा धातू बदलत गेला, तसतसे तेलही बदलावे लागले, असे या वंगणाच्या इतिहासाचे सार आहे.

आरंभीच्या गाड्यांत सरळ दातांची शंक्वाकार दंतचक्रे असत. त्यांचे दात एकमेकांवर मुख्यतः लोटत असल्याने साधे दाट खनिज तेल किंवा पातळ ग्रीज पुरेसे होई. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९१३ मध्ये सर्पिल दातांची व १९२६ च्या सुमारास ‘हायपॉइड’ दंतचक्रे प्रचारात आणली. हायपॉइड रचनेत लहान दंतचक्राचा अक्ष मोठ्या चक्राच्या मध्याखाली असतो. त्यामुळे चालक दंड खाली येऊन गाडीचा तळ ठेंगणा करता येतो व दातही अधिक भक्कम होतात. परंतु प्रचंड दाबाखाली दात एकमेकांवर लांबीच्या दिशेने घसरतात. साध्या तेलाचे पटल तेथे फाटते, धातू क्षणभर वितळून परस्परांना चिकटतो व दात ओरबाडले जातात.

यावर रासायनिक उपाय योजण्यात आला. सुरुवातीस तेलात शिशाचा साबण व गंधक मिसळीत. पुढे गंधक, क्लोरीन व फॉस्फरस यांची संयुगे वापरात आली. अशी पूरके तप्त बिंदूंवर पोलादाशी संयोग पावून सहज घसरणारा पातळ थर निर्माण करतात व दात चिकटू देत नाहीत. अशा तेलांना अतिदाब तेले म्हणतात. गंधकयुक्त पूरकांसाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल फार उपयुक्त ठरले होते. पण १९७० मध्ये अमेरिकेने या प्राण्याचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांत केल्यावर पर्याय शोधावे लागले. होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांतील तेल हा त्यांपैकी एक होय.

पोलादाचे रक्षण करणारी ही क्रियाशीलता ताम्रमिश्रधातूंना मात्र अपायकारक ठरू शकते. प्यूजो ४०३ व ४०४ या फ्रेंच गाड्यांच्या मागील आसात कृमि दंतचक्रमाला असून तिचे मोठे चक्र ब्राँझचे असे. अशा चक्राला तीव्र गंधकी पूरके मानवत नाहीत. म्हणजे एकीला तारक असलेले तेल दुसरीला मारक होऊ शकते.

हा गोंधळ टाळण्यासाठी अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने ‘जीएल’ वर्ग ठरविले. त्यांपैकी जीएल-४ हा मध्यम भाराच्या दंतचक्रांसाठी व जीएल-५ हा तीव्र भार व आघात सोसणाऱ्या हायपॉइड दंतचक्रांसाठी आहे. जीएल-५ मध्ये पूरकांचे प्रमाण अधिक असते. म्हणून तो प्रत्येक ठिकाणी श्रेष्ठ, हा समज चुकीचा आहे. पितळी समकालक कड्या असलेल्या गिअरपेटीत तो बहुधा अयोग्य ठरतो.

‘९०’ किंवा ‘७५डब्ल्यू-९०’ हे अंक केवळ श्यानता (दाटपणा) दर्शवितात. पूरकांविषयी त्यांवरून काहीच कळत नाही. प्रचलित मानकानुसार ‘९०’ तेलाची श्यानता १००° से. ला १३·५ ते १८·५ सेंटिस्टोक असते. ‘डब्ल्यू’ असलेला अंक थंडीतील प्रवाहितेचा निदर्शक आहे. तेलाची निवड करताना वर्ग व श्यानता या दोन्ही गोष्टी निर्मात्याच्या सूचनेशी जुळाव्या लागतात. मर्यादित घसरणीच्या दंतचक्रमालेतील घर्षण-तबकड्यांसाठी घर्षण-नियंत्रक पूरकही आवश्यक असते. ते नसल्यास वळणावर तबकड्या अडखळून कंप व आवाज होतो. पुढील चाकांनी चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ही दंतचक्रमाला गिअरपेटीतच सामावलेली असल्याने दोहोंस एकच तेल लागते आणि ते गिअरपेटीच्या गरजेनुसार ठरते.